लग्नाच्या पैशांची गाडी

"किल्ली दे."

"नाही म्हटलं ना एकदा."

"दक्षा, चार वाजता माणसं येतायत. धाकट्या डहाणूहून रिक्षा करून येतायत. त्यांना काय, हातानं ढकलून दाखवू गाडी?"

"तुझी माणसं आहेत. तू बघ."

दक्षा ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. बोलताना तिचं सूप एकदाही थांबलं नाही. नितीननं दाराजवळचा खिळा पुन्हा चाचपला. दोन वर्षं किल्ली त्या खिळ्याला असायची. सकाळपासून त्यानं कणगीमागे पाहिलं, देवाच्या टोपलीत पाहिलं, तिची कामाची पिशवी दोनदा झटकली.

"बयाना घेतलाय मी त्यांचा," तो म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"नाव तुझंच आहे. पैसे कसले होते ते सांग."

पैसे कसले होते ते पाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते या दोघांच्या लग्नाचे होते.

वारल्यांच्या या पाड्यात दोघांचं जमलं, घरच्यांनी मान डोलावली की संसार सुरू होतो. लग्नाचं जेवण, मांडव, हळद हे सगळं मागाहून, हाताशी भात आणि पैसा असेल तेव्हा. दक्षा एकोणीस वर्षांपूर्वी डोंगराकडच्या गावाहून नितीनच्या घरी आली. मुलगी झाली, शेताचा बांध घातला, विहिरीची वर्गणी भरली, पण लग्न राहिलं ते राहिलंच. त्यावरून कुणी कधी नावं ठेवली नाहीत. अट एकच असते. पोटच्या पोराला हळद लागण्याआधी आईबापाला लागलेली पाहिजे.

आणि पुढच्या रविवारी शितलचं लग्न होतं. मुलगा चिखल्याचा, चांगला होता, वाडीत पंप चालवायचा. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"आये, तू तरी सांग हिला," नितीन आईकडे वळला.

पुतळी खाटेच्या पायाशी बसून विडीची पानं कातरत होती. ती धवलेरी होती. पाड्यापाड्यांतून तिला लग्न लावायला नेत, तिची गाणी झाल्याशिवाय नवरानवरी पाटावरून उठत नसत. तिनं मान वर केली नाही.

"मी काय सांगायचं ते सांगितलंय. तुम्ही दोघं आधी बसा, मग मी पोरीचं गाईन. तुम्ही बसला नाहीत तर गाणार नाही. नातीसाठी म्हणून मला खोटं गाता येत नाही."

"बसतोच आहोत ना. गुरुवारी बसायचं ठरलंय."

"कुठल्या वारी बसता आणि किती लोकांना जेवायला घालता ते माझं काम नाही. तू माझ्या कडेवर होतास तेव्हा मी बसले. दीड वर्षाचा होतास. वाटीतली हळद खाल्लीस आणि बापाच्या धोतरावर ओकलास."

खाटेवर पडलेला म्हातारा चैत्या डोळे मिटूनच हसला. "पिवळं धोतर," तो म्हणाला.

दक्षानं सूप खाली ठेवलं. "मग आपणही शितलच्या मांडवात बसू. सकाळी आपण, मागून ती. मांडव एक, जेवण एक. तुझ्या मामानं तसंच केलं होतं."

"मामाची गोष्ट वेगळी. मी रघ्याच्या लग्नात जेवलोय, लाहूच्या लग्नात जेवलोय, दोन-दोन दिवस जेवलोय. माझं लग्न म्हणजे पोरीच्या जेवणात उरकून घेतलं, असं म्हणतील. गुरुवारी वेगळं जेवण होणार. डीजेवाल्याला सांगून झालंय, बयान्यातले पैसे त्याला देऊन झालेत."

"माझ्या लग्नाला डीजे सांगितलास आणि मलाच ठाऊक नाही."

"आता झालं ना ठाऊक." नितीन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. गाडी गेली नाही तर गुरुवार नाही. आणि गुरुवार नाही तर मी पोरीच्या मांडवात चोरासारखा बसणार नाही. तू एकटी बस."

आत चुलीपाशी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. शितल दारात येऊन उभी राहिली. हातात पीठ होतं. तिनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि परत आत गेली.

*

गाडी अंगणात चिंचेखाली उभी होती. पिवळी, गोल पाठीची, चाकं लहान. लाखाची गाडी म्हणून तिचा मोठा बोभाटा झाला होता, त्या वेळची. तालुक्यात तशा तीन-चारच आल्या. नितीननं ती घेतली नोटाबंदीच्या आधीच्या उन्हाळ्यात. लग्नाचे कपडे बघायला म्हणून तो उंबरगावला गेला होता, तिथे एका दवाखान्यातला कंपाउंडर ती विकत होता. संध्याकाळी नितीन कपड्यांऐवजी गाडी घेऊन आला. कंपाउंडरच चालवत होता, नितीन शेजारी बसून हॉर्न वाजवत होता. दक्षा त्याच्याशी नऊ दिवस बोलली नाही.

कंपाउंडरनं त्याला चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी नितीन बापाला आणि शितलला घेऊन उधव्याच्या रस्त्याला निघाला. वळणावर समोरून गवताचा ट्रक आला, दोन्ही बाजूंना गवत लोंबणारा, अख्खा रस्ता अडवणारा. गाडी शेतात उतरून बांधावर आपटली. शितलच्या हनुवटीला तीन टाके पडले. नितीनचं मनगट मुरगळलं.

मनगट महिन्याभरात बरं झालं. पण नितीन सांगत राहिला की हात दुखतो. दक्षानं एकदाही उलट विचारलं नाही.

गाडी पाच महिने चिंचेखाली पडून राहिली. काचा खाली होत्या, कोंबड्या आत जायच्या. एके दिवशी दक्षा अंडी काढायला गेली. ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या कोंबडीला तिनं उचलून बाहेर ठेवलं आणि त्या जागेवर स्वतः बसली. हवा खायला बसले होते, असं ती नंतर सांगायची.

तेव्हा ती चिखल्याला चिकूच्या शेडवर कामाला जायची. चिकू धुवायचे, लहानमोठे वेगळे करायचे, खोक्यात भरायचे. पाड्यातल्या पाच जणी अजून होत्या. पहाटे साडेचारला नाक्यावर उभं राहायचं, जो टेम्पो थांबेल त्याच्या मागे चढायचं. शेडचा दरवाजा सातला बंद व्हायचा, मागून येणारीला अर्धा दिवस. सोनीबाईचा गुडघा गेलेला, तिला दोघींनी वर ओढायची. एकदा ओढताना टेम्पो सुटला. सोनीबाई पडली नाही, पण तिची चप्पल रस्त्यावर राहिली आणि दिवसभर ती एका पायानं अनवाणी चिकू धूत होती.

शेडच्या गाडीवरचा ड्रायव्हर तुक्या, त्यानं त्याच गाडीवर दक्षाला शिकवलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ओहोटी असेल तेव्हा, चिखल्याच्या रेतीवर. तिथे आपटायला काही नव्हतं. महिनाभर ती भाकरी गाडीतच खायची. डहाणूला लायसन्सचा कॅम्प भरला तेव्हा रांगेत ती एकटी बाई होती. साहेबानं विचारलं, मालक कुठे आहेत. ती म्हणाली, कामावर.

तेव्हापासून साडेपाचला गाडी निघते. चार माणसांच्या गाडीत सहा जणी. इंजिन मागे असल्यामुळे सामानाची जागा पुढे, तिथे सहा डबे. सोनीबाई पुढच्या सीटवर पाय लांब करून बसते आणि रस्ताभर सांगत राहते, हळू चालव. पेट्रोलचं त्या आपसात बघतात. दोन वर्षांत कुणाचा अर्धा दिवस गेला नव्हता.

नितीन कधी बसलाच तर मागे बसायचा. बाहेर सांगायचा, "बायकोला दिलीय चालवायला. माझा हात दुखतो."

*

चारच्या आधीच रिक्षा आली. दिपक मासेमारीच्या बोटीवर होता, त्याची बायको निलम डहाणूच्या बाजारात मासे विकायची. बरोबर चारेक वर्षांची मुलगी, तिच्या कपाळावर बरी होत आलेली खूण. रिक्षा थांबलेली पाहून शेजारपाजारचे आले. रघ्या तर बनियनवरच आला.

दिपकनं गाडीभोवती चक्कर मारली. चाकाला लाथ घातली, पाठीवर थाप मारली.

"हे मागचं उघडत नाही काय?"

"नाही, तिथे इंजिन," नितीन म्हणाला. "सामान पुढे."

"माशांची पाटी पुढे बसेल म्हणजे," निलम म्हणाली. "पण ताई, वास राहील का हो आत?"

"राहील," दक्षा म्हणाली. "चिकूचा पण राहतो."

लोक हसले. नितीन हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता. सगळ्यांच्या देखत त्यानं हात पुढे केला.

शितल दारात होती. दक्षानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि नितीनच्या हातावर ठेवली. पाहुणे उन्हात उभे होते, मूल रडकुंडीला आलं होतं. दारात आलेल्या माणसांपुढे किल्लीवरून ओढाताण करणं तिला जमणारं नव्हतं.

नितीननं किल्ली दिपककडे धरली. "घ्या. बघा."

"छे, मला सवय नाही अजून. क्लासला जातोय मी. भाऊ, तुम्हीच एक चक्कर मारून दाखवा ना. नाक्यापर्यंत. आम्ही बसतो."

हे नितीनच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं गाडी विकायची ठरवली, गिऱ्हाईक शोधलं, बयाना घेतला, डीजे ठरवला, आणि गाडी विकणाऱ्याला ती चालवून दाखवावी लागते हे विसरला.

"अरे दाखव की," रघ्या म्हणाला. "एवढी वर्षं बायकोनं फिरवली, आज मालकाला बघू."

निलम मुलीला घेऊन मागे बसली. दिपक पुढे बसला. नितीन दार उघडून आत बसला. त्यानं किल्ली लावली. इंजिन सुरू झालं. त्याचा डावा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला. अंगणातून रस्त्याला लागायला छोटा उतार होता, उताराखाली वळण होतं, आणि वळणावरून नेमका त्याच वेळी एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. नितीनच्या कानशिलावरून घामाची धार उतरली. इंजिन चालू होतं. गाडी जागची हलत नव्हती.

"काय झालं?" दिपकनं विचारलं.

"गरम होऊ देतोय," नितीन म्हणाला.

रघ्या दोन पावलं पुढे आला. आता तो काहीतरी बोलणार होता, आणि ते पाड्यात पुढची दहा वर्षं बोललं जाणार होतं. दक्षाला फक्त उभं राहायचं होतं. अजून थोडा वेळ ती तशीच उभी राहिली असती तर दिपक उतरला असता, गाडीत काहीतरी खोट आहे म्हणाला असता, आणि व्यवहार आपोआप मोडला असता. हे तिला स्पष्ट दिसत होतं. नितीनचे स्टिअरिंगवरचे हातही दिसत होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

ती गाडीपाशी गेली. खिडकीत वाकून जरा मोठ्यानंच म्हणाली, "काल मांडवाचे वासे उचललेस, आणि आज त्याच हातानं गिअर ओढतोस? सुजेल परत. हो बाजूला."

नितीन उतरला. तिच्याकडे न बघता बाजूला झाला.

"वासे तर आम्ही उचलले," रघ्या म्हणाला.

"तू उचललास तो खाली पाडलास. यानं परत उचलला," पुतळी ओट्यावरून म्हणाली. लोक हसले आणि दक्षानं गाडी उतारावर घातली.

*

नाक्यापर्यंत दिपक गाडीची स्तुती करत होता. नाक्यावर तो मुलीला चिक्की घ्यायला उतरला, तेव्हा निलम मागून पुढे वाकली.

"ताई, चांगली चालते. मग विकताय कशाला?"

"लग्न आहे घरात."

"मुलीचं ना. बोलले भाऊ."

"मुलीचं रविवारी. माझं गुरुवारी."

निलमला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. "आणि लग्नासाठी गाडी काढताय?"

"लग्न मोडून गाडी घेतली होती. आता गाडी मोडून लग्न."

निलम हसली, मग हसायची थांबली. "आम्ही तिघं बाईकवर असतो. मागच्या पावसात ही झोपेत घसरली, माझ्या मांडीवरून. तेव्हाच मी म्हटलं, छप्पर असलेलं काहीतरी घ्या." मग तिनं विचारलं, "तुम्हाला शिकायला किती दिवस लागले?"

"महिना. रेतीवर."

"मला जमेल?"

"का नाही जमणार?"

दिपक चिक्की घेऊन येत होता. त्यानं शेवटचं ऐकलं. "तू काय शिकतेस? मी आहे ना." तो आत बसला आणि दार ओढून घेतलं.

निलम मागे टेकून बसली. आरशात तिचा चेहरा दक्षाला दिसत होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. पहाटे नाक्यावर पाचही जणींच्या तोंडावर असायचं, तसलं काहीतरी होतं. टेम्पो थांबला तर थांबला.

परतीच्या वाटेवर गवताचा ट्रक आला. उधव्याच्या वळणासारखंच वळण. दक्षानं गाडी कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला, काचेवर पडलेलं गवत वायपरनं सारलं आणि पुन्हा रस्त्याला लागली.

*

"घेतली," अंगणात उतरताच दिपक म्हणाला. "बुधवारी उरलेले घेऊन येतो आणि गाडी नेतो. चालवायला माणूस आणतो."

रघ्या आणि बाकीचे त्याला गराडा घालून उभे राहिले. निलमनं पाणी मागितलं. दक्षा आत गेली. मागोमाग नितीन आला. चुलीजवळ शितल भाकऱ्या थापत होती, तिची एक बाजू त्यांच्याकडे होती.

"वासे कशाला सांगितलेस?" नितीन हळू म्हणाला.

"मग काय सांगू?"

"हात बरा आहे माझा."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"टाके निघाले त्याच्या आधीपासून."

नितीन रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. "रोज पहाटे ती गाडी निघते आणि मी ओट्यावर बसलेला असतो," तो म्हणाला. "सोनीबाई टाटा करते मला. लहान पोराला करतात तसं."

दक्षानं तांब्या भरला. आज सकाळपासून तो गुरुवार, जेवण, रघ्याचं लग्न असलं काय काय बोलत होता. त्यातलं हे एकच तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

"म्हणून विकतोयस," ती म्हणाली.

तो नाही म्हणाला नाही.

शितलच्या हातातली भाकरी थांबली होती. तिनं त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. हनुवटीवरची खूण चुलीच्या उजेडात तेवढी दिसत होती.

दक्षा तांब्या घेऊन बाहेर आली. आधी निलमला पाणी दिलं, मग दिपकला. मुलीला दिलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली. नितीन दारात येऊन उभा राहिला होता. पुतळीची कात्री थांबली होती, आणि चैत्यानं डोळे उघडले होते.

"दिपकभाऊ, गाडी विकायची नाही," दक्षा म्हणाली. "मला आधीच सांगायला हवं होतं, तुमचा फेरा फुकट गेला. बयाना शनिवारी शेडचा पगार झाला की मी स्वतः घरी आणून देते. आता तुम्हाला डहाणूपर्यंत मीच सोडते."

दिपक नितीनकडे बघू लागला. "भाऊ, हे काय? बोलणं तुमच्याशी झालंय."

नितीननं तोंड उघडलं, पण दक्षा त्याच्याकडे बघत नव्हती. ती सासूकडे, सासऱ्याकडे, दाराआडच्या शितलकडे बघून एकेक गोष्ट सांगत होती, पहाटे कुणी कुठे उभं राहायचं ते बायकांना सांगते तशी.

"गुरुवारी जेवण नाही. डीजे रविवारी वाजेल, पैसे दिलेच आहेत. रविवारी सकाळी आधी नितीन आणि मी बसू, मागून शितल बसेल. आये, तू दोन्ही गाशील. सोमवारी पहाटेपासून नितीन माझ्याबरोबर चिखल्याला येईल. ओहोटीच्या वेळी रेतीवर मी त्याला गाडी शिकवीन. गाडी साडेपाचला निघेल, अंगावर हळद असली तरी. बायकांना मी सांगितलंय."